येते म्हणून गेलेल्या बाई

‘कम’ आणि ‘गो’ या दोन क्रियापदांना दमयंतीने आठ दिवस घोटून घोटून वठणीवर आणलं होतं. एकाहत्तरच्या जूनमध्ये श्रीरामपूरच्या एका शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवायची जागा निघाली होती. नवरा तिथे नोकरीला, ती न् दहा महिन्यांची विजू केडगावला सासूबाईंपाशी. ही जागा मिळाली तर बिऱ्हाड एकदाचं एकत्र होणार होतं.

मुलाखतीला निघताना तिने उंबऱ्यावर सराव केला, “आय ॲम गोइंग.”

“म्हणजे काय गं?” कडेवरच्या विजूला सावरत सासूबाईंनी विचारलं.

“जाते.”

“अगंबाई! चांगल्या कामाला निघालीस, लेकरासमोर असलं बोलतात? येते म्हण.”

“अहो आई, इंग्रजीत...”

“इंग्रजीतसुद्धा!”

“आय ॲम कमिंग” म्हटल्यावरच तळहातावर दही पडलं.

मुख्याध्यापक वेंकटरामन सर मद्रासकडचे, मराठी बेताचंच. दमयंतीने सगळी उत्तरं धडाधड दिली. ‘कम’ आणि ‘गो’मधला फरक तर सोदाहरण सांगितला. सर खूश झाले. “यू मे गो,” म्हणाले. तिने हात जोडले, आणि सकाळचं दही जिभेवर आलं. “आय ॲम कमिंग, सर!” म्हणून ती गेली.

बाई पाणी प्यायला गेल्या असतील, असं सरांना वाटलं. ते थांबले. मुलाखत तिचीच शेवटची, तरी ऑफिस उघडं ठेवलं. अर्ध्या तासाने शिपाई सहादेव सायकल हाणत एस.टी. स्टँडवर पोचला, तेव्हा दमयंतीचा एक पाय नगरच्या गाडीत होता.

“बाई, उतरा! सायेब वाट बघत्यात. येते म्हनून आल्याच न्हाई तुमी!”

“अहो, ते मी निघताना म्हटलं!”

“मंग सरळ जाते म्हनायचं की!”

“तुम्ही म्हणता घरून निघताना?”

सहादेव विचारात पडला. “न्हाई बा. आमची साळूबाई लाटणं फेकून मारंल.”

गाडी निघून गेली. तिकडे विजू भुकेने रडत असणार. नोकरीही गेलीच, असं धरून दमयंती सायकलीमागून चालत परतली आणि सरांपुढे घाईघाईच्या इंग्रजीत सगळं सांगून बसली: उंबरा, सासूबाई, दही. “घरात लेकरू आहे सर. ‘गो’ माहीत आहे, पण तोंडातून निघत नाही.”

सरांनी चष्मा काढला. “माझी आईपण,” ते अडखळत म्हणाले, “तमिळमध्ये. जाऊन येते, असंच म्हणायची. मी विसरून गेला.”

नेमणुकीच्या कागदावर सही करून ते उठले. “कम,” म्हणाले.

दाराकडे वळलेली दमयंती थबकली. निघायचं की बसायचं?

“सोमवारी,” सर हसले, “साडेदहाला.”