उपदेशाची ऊब

इदवाल पारी प्रार्थनामंदिराच्या मागच्या दाराशी गुडघे टेकून मातीत खुपसलेला तापमापक वाचत होता, आणि त्याची बायको नेस्ता पेले विसळता विसळता मंदिराच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला वाचत होती.

"किती ताप आहे पेशंटला?" तिनं विचारलं.

"चार. दहा झाल्याशिवाय बी टाकायचं नाही. गार मातीत गवत रुजत नाही, नुसती चिमण्यांची पंगत उठते."

हिवाळ्यात छप्पर दुरुस्त करताना गवंड्यांनी दगडी कौलांचे ढीग या होरेब मंदिराच्या हिरवळीवर रचले होते. ढीग हलले तेव्हा खाली उरली होती काळी माती. आणि मे महिन्यातला स्तोत्रगायनाचा मेळा यंदा नेमका होरेबकडे! डोंगरापलीकडच्या मंदिरांच्या मंडळ्याही येणार, दिवसभर गाणार आणि मधे हिरवळीवर चहा घेणार. मंडळीचा मुख्य सेवक म्हणून इदवालनं भर सभेत शब्द दिला होता, "तोवर इथं गालिचा दिसेल. नाही दिसला, तर मेळा बेथेलला द्या."

बेथेल म्हणजे खालच्या आळीतलं मंदिर. तिथला मुख्य सेवक ग्विलिम हा नेस्ताचा सख्खा भाऊ. बेथेलची हिरवळ अशी, की पाऊल टाकण्याआधी बूट काढावेसे वाटावेत. त्यामुळे मेळा हातचा गेला असता, तर तो इदवालला आयुष्यभर जेवणाच्या टेबलावर ऐकावा लागला असता.

मोजायची जागा मात्र त्यानं विचारपूर्वक निवडली होती. मागच्या दाराच्या फरशीला लागून. तिथं रविवारची काळी विजार मळत नसे.

त्या रविवारी उपदेशाला म्हातारे रेव्हरंड एमरिस, म्हणजे सगळ्यांचे एमरिसबाबा, आले. बाबांनी सुरुवात साध्या बोलण्यानं केली. हळूहळू आवाज चढला, शब्दांना आपोआप चाल लागली, आणि हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेऊन मेंढपाळ डोंगर उतरू लागला तो थेट मंदिरातच. म्हाताऱ्यांचे डोळे वाहत होते. असा गाता उपदेश कानी पडायला भाग्य लागतं; अशा वेळी घड्याळाकडे बघणारा करंटाच म्हणायचा.

उपासना संपल्यावर इदवालनं तापमापक खुपसला. अकरा!

पुढच्या रविवारी तरुण रेव्हरंड प्रीस आले, कागदावरचा उपदेश वाचून वेळेवर थांबले. माती पुन्हा चारावर. त्यानंतर एमरिसबाबा परतले, तेव्हा बाहेर बर्फाळ पाऊस झोडपत होता. तरी माती बारा!

"नेस्ता, ही माती ऐकते गं!" इदवाल तापमापक नाचवत म्हणाला. "बाबा गायले की तापते, प्रीस वाचायला लागला की गार!"

"प्रीस वाचतो तेव्हा मीसुद्धा गार पडते," नेस्ता म्हणाली आणि किटली पुसायला लागली.

मग काय! प्रीसचे रविवार पुढे ढकलले गेले. एमरिसबाबांना ओळीनं आमंत्रणं गेली.

"अरे इदवाल, घसा बसलाय माझा," बाबा कुरकुरले.

"दोन कडवी तरी, बाबा. बियाण्यासाठी!"

बाबा गायले, माती तापली, आणि इदवालनं गोणीभर बी पेरून दाताळ्यानं मातीआड केलं.

काहीही उगवलं नाही. म्हणजे मागच्या दाराशी ताटलीएवढं गोल, हिरवंगार उगवलं. बाकी सगळं काळं.

ग्विलिम खास बघायला आला. "काय मेव्हणे, माती बहिरी झाली की काय? असू दे. मेळ्यासाठी आमच्याकडची मोठी किटली घासायला काढतो."

पुढच्या रविवारी एमरिसबाबा रंगात आले असताना इदवाल आयुष्यात पहिल्यांदा उपदेशातून उठला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते मेंढरासाठी नव्हतं. तेवढ्यात दार उघडलं आणि भलीमोठी किटली त्या हिरव्या ताटलीवर रिकामी झाली. थोडी त्याच्या बुटावरही.

"हे काय?"

"चहा," नेस्ता म्हणाली. "ठेवून ठेवून पार काढा झाला. एमरिसबाबा गायला लागले की उपासनेनंतरच्या चहाची वेळ टळतेच. हा ओतायचा आणि नवा करायचा. प्रीस वेळेवर थांबतो, तेव्हा थेंब उरत नाही."

"दर वेळी इथंच?"

"मग काय मोरीत ओतू? तुंबेल ना."

"मी इथं तापमापक घेऊन बसायचो, तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू म्हणत होतास उपदेशानं माती तापते. मला वाटलं, बाबांचं कौतुक करतोयस. आणि खोटं काय त्यात? ते गायले नसते, तर मी कशाला ओतला असता?"

इदवाल उठला, थेट मैदानाच्या मधोमध गेला आणि चिखलात गुडघे टेकले. सहा. मागोमाग आलेल्या नेस्तानं बाही सरकवली आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं कोपर मातीला लावलं.

"अजून गारच आहे."

"गेलं सगळं बी वाया. ग्विलिमला सांगून येतो."

"बस खाली. बी कुजलं नाहीये, झोपलंय. तुझ्यापेक्षा त्याला धीर जास्त आहे."

एप्रिल सरता सरता ऊन पडलं. खरंखुरं, सगळ्या मैदानावर. इदवाल रोज मधोमध गुडघे टेकत होता. काळ्या विजारीची पर्वा त्यानं सोडली होती. माती दहाला पोचली, आणि मेळ्याच्या आधी सगळ्या मैदानावर कोवळी, पोपटी लव उठली. गालिचा नव्हे, पण सतरंजी म्हणायला हरकत नव्हती.

मेळ्याच्या दिवशी एमरिसबाबा असे गायले, की बेथेलची माणसंही जागची हलेनात. चहाचा अर्थातच काढा झाला. नेस्ता किटली थंड करून मागच्या दारानं निघाली, तसा इदवाल लगबगीनं आडवा गेला.

"तिथं नको. त्या कोपऱ्यात जरा विरळ आहे, तिकडं घाल."

पेला हातात घेऊन उभा असलेला ग्विलिम डोकावला. "काय ओततेयस गं?"

नेस्तानं नवऱ्याकडे पाहिलं. इदवालनं टोपी काढून छातीशी धरली.

"उपदेश," तो म्हणाला.