उजव्या किडनीचा दोष

घड्याळजींच्या घरात हुकूम चालायचा तो त्यांच्या बीपीचा. भाजी अळणी झाली, बीपी वाढलं. लेक उशिरा आली, बीपी वाढलं. मेहुण्याला तर "तुझ्या बडबडीने माझी शीर तुटेल" असं सुनावून त्यांनी कायमचा उंबरा बंद केला होता.

गंमत म्हणजे बीपी खरंच होतं. गोळ्या वाढत गेल्या, पण आकडा खाली यायचं नाव घेईना. शेवटी नव्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि नवरा-बायकोला समोर बसवलं.

"उजव्या किडनीला रक्त पुरवणारी धमनी अरुंद झालीय. किडनीला वाटतं, सगळ्या अंगातच प्रेशर कमी आहे. म्हणून ती ते वाढवत बसते."

"म्हणजे घरातला मनस्ताप..." घड्याळजी आशेने म्हणाले.

"दोष त्या धमनीचा आहे."

बायको खुर्चीत पुढे सरकली. "डॉक्टर, म्हणजे माझ्या भावाचा नाही?"

"तुमच्या भावाचा यांच्या किडनीशी काय संबंध?"

"तेच म्हणते मी!" म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं ती बिचारी मनातून स्वतःलाच बोल लावत होती.

"धमनीत स्टेंट बसवू, पण त्याने सगळ्यांनाच गुण येतो असं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. पण घड्याळजींना आला. मांडीच्या धमनीतून बारीक नळी आत गेली, अरुंद जागी धातूची इवलीशी जाळी बसली. घड्याळजी जागेच होते. पडद्याकडे बघून त्यांनी "काम सुबक आहे" अशी पावतीही दिली. हळूहळू गोळ्या कमी झाल्या, प्रेशर उतरलं आणि इथूनच त्यांच्या हालांना सुरुवात झाली.

एके सकाळी बायकोने त्यांच्या दंडाला मशीनचा पट्टा बांधला. एकशे चोवीस, ऐंशी. तिने लेकीला खुणावलं. "सांग आता."

"बाबा, बँकेतली नोकरी मी सोडली. केक करून विकते."

"काय? कधी?"

"गेल्या वर्षीच. तुम्हाला त्रास नको म्हणून बोलले नाही."

घड्याळजींनी छातीवर हात ठेवला. बायकोने पुन्हा बटण दाबलं. एकशे अठ्ठावीस.

"छान आहे. आता माझं ऐका. भाऊ येतोय, चांगला महिनाभर राहायला. आणि तुमचा तो खाकी कोट हरवला नव्हता, मी देऊन टाकला."

"माझा कोट!" घड्याळजी गरजले. आकडा जागचा हलेना. हातातलं हुकमी हत्यार असं बोथट झालेलं त्यांना बघवेना.

"हे मशीनच बिघडलंय!" त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मशीन उघडलं, फुंकर मारली, आत बोट ठेवायला जागा सापडली नाही. पुन्हा बंद करून बायकोला म्हणाले, "थांबा, दाखवतोच. आण गं तुझा हात."

"माझा कशाला?"

"तू ठणठणीत आहेस ना? तुझंही काहीतरी भलतंच दाखवेल बघ."

पट्टा फुगला, उतरला. एकशे बाहत्तर, शंभर. "बघा!" म्हणून घड्याळजींनी विजयाने वर पाहिलं. लेक हसली नाही. तिने आईला दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं. एकशे सत्तर.

"अगं, कधीपासून आहे हे?" घड्याळजींचा आवाज एकदम खाली आला.

"काय माहीत? मी तुमचंच मोजत होते."

लेकीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "दुपारीच घेऊन या म्हणाल्या. तोवर आईला जरासुद्धा त्रास द्यायचा नाही."

घड्याळजी चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चहाचं आधण ठेवलं. साखर कुठे असते, ते त्यांना ठाऊक नव्हतं. हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि आवाज न करता त्यांनी एकेक डबा उघडून बघायला सुरुवात केली.