पांढरं होईपर्यंत

बेकरीच्या काउंटरपाशी बायकांची झुंबड होती, आणि त्या झुंबडीत शिरून "एक केक द्या" म्हणायची लुबोवाला लाज वाटली. झालं ते एवढंच. सायकली दुरुस्त करणारा साधा माणूस तो. दाराबाहेर घुटमळत राहिला. आतून कुणीतरी विचारलं, "काय हवंय, दादा?" तर म्हणाला, "काही नाही, सावलीला उभा आहे." (त्या दिवशी अख्ख्या मासाका शहरावर ढग होते. सावली औषधालाही नव्हती.) आणि सायकल वळवून घरी आला.

घरी आल्यावर मात्र त्याने कपाळावर हात मारला. आज त्याच्या लेकीचा, नमुलीचा, पहिला वाढदिवस. आणि आज सासूबाई येणार होत्या! लग्नाला तीन वर्षं झाली तरी नालोंगोबाईंनी लेकीच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. बायको, बाबिर्ये, नमुलीला पाठीला बांधून त्यांना आणायला गावी गेली होती. जाताना बजावून गेली होती, "आई मोठ्या मुश्किलीने तयार झालीय. काही वाकडं झालं तर पुन्हा कधी यायची नाही. तुला फक्त केक आणायचाय. फक्त केक!"

शेजारची नालुबेगा एका मयताला निघाली होती. भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसतच होती.

"नालुबेगाताई, केक कसा करतात हो?"

"का रे? तू करणार?"

"छे छे! सहज विचारलं."

"मार्गारिन नि साखर पांढरं होईपर्यंत घोटायचं. मग अंडी, मग मैदा. मोठ्या पातेल्यात वाळू, वाळूवर केकचं पातेलं, झाकणावर निखारे. पण घोटणं महत्त्वाचं हं! पांढरं होईपर्यंत!" शेवटचं तिने धुरातून ओरडून सांगितलं.

लुबोवाने मार्गारिन, म्हणजे ते स्वस्त नकली लोणी, आणि बाकी सामान आणलं, दारं लावली, खिडक्या लावल्या. त्यांच्यात पुरुष चुलीपाशी बसला हे सासरी कळलं तर तोंड दाखवायला जागा नसते. मग त्याने लाकडी डाव घेतला आणि घोटायला लागला. मार्गारिन पिवळं होतं. तो घोटत राहिला. मार्गारिन पिवळंच होतं. उजवा हात भरून आला, डावा लावला. डावा भरून आला, दोन्ही लावले. पंक्चर काढून काढून कमावलेले हात, पण खांद्यापासून लटपटायला लागले. मार्गारिन मात्र त्याच्याकडे पिवळंधमक बघत होतं. शेवटी रडकुंडीला येऊन त्याने अंडी फोडली आणि मैदा ओतत सुटला, सगळं पांढरं होईपर्यंत.

शेगडीवरून जे उतरलं ते वजनाला सायकलच्या चाकाएवढं भरलं असतं.

दुपारी पाहुणे आले. बैठकीत मधोमध चादर टांगली होती. पलीकडे चटईवर सासूबाई, अलीकडे लुबोवा. जावयाने सासूच्या समोर यायचं नाही, जवळ बसायचं नाही, आणि स्पर्श तर मुळीच नाही. स्पर्श झाला की जावयाचे हात थरथरायला लागतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सासूबाईंना काही सांगायचं झालं तर त्या बाबिर्येच्या आत्याला सांगत, आणि आत्या चादरीच्या टोकाशी बसून ते जावयाला सांगे.

"सासूबाई विचारतात, केक कुठला?"

"शहरातला," लुबोवा म्हणाला.

त्याने सुरी उचलली. सुरी ताटलीवर टणटण टणटण वाजायला लागली. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. आता दोन्ही हात वाजायला लागले.

आत्याचे डोळे विस्फारले. "जावईबापू! हात कधीपासून थरथरताहेत?"

"स... सकाळपासून."

"वहिनी तर दुपारी आल्या! आधी कुठे गाठ पडली होती?"

"नाही हो!"

"गाडीतून उतरताना त्यांचं गाठोडं कुणी घेतलं?"

"मी. पण ते त्यांनी जमिनीवर ठेवल्यावर!"

"आणि वारा सुटला होता, नाही का? झगा उडाला असेल..."

लुबोवा आठवायला लागला. वारा होता खरा. झगाही उडाला होता. (हात त्याआधीपासून लटपटत होते, हे त्या भीतीत तो स्वतःच विसरला.) चादरीपलीकडे बांगड्या वाजल्या. सासूबाई उठत होत्या.

"वहिनी म्हणतात, त्या निघाल्या. शुद्धी होईपर्यंत या घरातलं पाणीसुद्धा नको."

 बाबिर्ये नमुलीला छातीशी धरून नवऱ्याकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. ते बघितल्यावर लुबोवाला राहवेना.

"केक मी केलाय!"



"पुरुषाने? चुलीपाशी?" आत्याने तोंडावर हात ठेवला. "स्पर्श झाकायला काय काय खोटं बोलतील!"

"खोटं नाही! घोटून घोटून हात गेलेत माझे!"

"मग घोटून दाखवा," आत्या म्हणाली.

उरलेलं मार्गारिन आलं, साखर आली, डाव आला. सगळ्या सासरच्यांसमोर लुबोवा जमिनीवर बसला आणि थरथरत्या हातांनी घोटायला लागला.

"अजून किती?" आत्याने विचारलं.

"पांढरं होईपर्यंत," तो घाम पुसत म्हणाला.

चादर हलली. चादरीच्या भोकात एक डोळा आला. लुबोवा घोटत होता. डोळा बघत होता. आणि मग तीन वर्षांत कधी न फुटलेला आवाज चादरीपलीकडून थेट त्याच्यावर येऊन आदळला,

"अरे गाढवा, ते मार्गारिन आहे! मरेपर्यंत घोटलंस तरी पिवळंच राहणार!"

आत्या निरोप पोचवायला वळली, पण पोचवायचं काही उरलं नव्हतं. बाबिर्ये आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. "आई तुझ्याशी बोलली!" ती कानात म्हणाली. लुबोवालाही भरून आलं. गाढव तर गाढव, पण थेट!

सासूबाई पुन्हा चटईवर बसल्या. चहा झाला, शिजवलेल्या कच्च्या केळ्यांचे मटोके झाले. केक मात्र कुणाच्या दाताला दाद देईना. एकट्या नमुलीला दात येत होते. तिने एक तुकडा संध्याकाळपर्यंत मनापासून चघळला, आणि तो होता तसाच परत दिला.

पुढच्या महिन्यात आत्या निरोप घेऊन आली. सासूबाईंचा वाढदिवस होता, आणि जावयालाही आग्रहाचं बोलावणं होतं. लुबोवाची छाती फुगली.

"मी काय आणू?" त्याने विचारलं.

"तेच सांगायला मला खास पाठवलंय," आत्या म्हणाली. "वहिनी म्हणाल्या, एक वेळ स्पर्श झाला तरी चालेल, पण काही करून आणू नकोस."