सुगंधाबाईंची हिरवी वाटी

एका जंगलात, मुलांनो, एक चिचुंद्री राहत होती. तिचं नाव सुगंधाबाई. हसू नका. नाव ज्याचं त्याने ठेवलेलं नसतं.

चिचुंद्रीची पोरं चालताना एकमेकांची शेपटी तोंडात धरतात. सगळ्यांत पुढचं पोर आईची धरतं. सुगंधाबाईंच्या मागे अशी चौघांची रांग असे. मग पाणवठ्याचं पाणी पिऊन जंगलात हगवण सुरू झाली. पंधरा दिवसांत रांगेत एकटी बकुळी उरली.

सुगंधाबाई पोटभर रडल्या आणि कामाला लागल्या. प्रत्येक जंतूच्या पोटात त्याच्या कुळाचा एक धागा असतो. हगवणीच्या जंतूच्या धाग्याशी नेमका जुळणारा तुकडा त्यांनी काजळीच्या कणाला चिकटवला. कण इतका बारीक, की मुंगीच्या डोळ्यात गेला तरी तिला कळू नये. जुळणी लग्नाच्या पत्रिकेसारखी. छत्तीसच्या छत्तीस गुण जमले तर कण हिरवा चमकणार. पस्तीस जमले तर ढिम्म.

बिळाच्या अंधारात त्यांनी पाणवठ्याच्या पाण्यात ती भुकटी टाकली. वाटी हिरवीगार झाली.

वाटी घेऊन त्या सिंहमहाराजांच्या दरबारात गेल्या आणि पाणवठा आजच बंद करा म्हणाल्या. पाणवठा समितीचे अध्यक्ष होते रानडुक्कर वराहराव. पाणवठ्याच्या झऱ्याच्या तोंडाशी ते रोज सहकुटुंब लोळत. ते म्हणाले, तपासणी जरूर करू, पण रीतीप्रमाणे. त्या जंगलाची रीत अशी, की तपासणी भर दुपारी, उघड्या माळावर, सर्वांसमक्ष व्हायची.

"महाराज, ही चमक अंधारातच दिसते," सुगंधाबाई म्हणाल्या. "गुहेत चला. दोन पावलांवर आहे."

"अंधारात?" वराहराव म्हणाले. "बाई, आपला कारभार पारदर्शक आहे."

सिंहमहाराजांनी वाटी उन्हात धरली. पुढून पाहिली, मागून पाहिली. पाणी पाण्यासारखंच दिसत होतं. ते शुद्ध असल्याचा ठराव झाला. प्रजेची शंका फिटावी म्हणून महाराजांनी ती वाटीच घटाघटा पिऊन टाकली.

ऊन फार होतं, म्हणून दरबार गुहेत गेला. आत शिरताच महाराजांच्या मिशा हिरव्या चमकू लागल्या. जीभसुद्धा.

सुटले गं बाई, सुगंधाबाईंना वाटलं, आता तरी पटेल.

"तेज," वराहराव म्हणाले, आणि त्यांनी लोटांगण घातलं.

दुसरा ठराव लगेच झाला. पाणवठ्यात ती भुकटी कालवावी आणि हे तेज घरोघरी पाजावं. सुगंधाबाईंचा शाल देऊन सत्कार झाला. शाल अंगावर पडल्यावर त्या कुणाला दिसल्या नाहीत.

शालीखालून त्या निघाल्या त्या थेट बिळात. अंधार पडता पडता बकुळीला मागे घेऊन त्यांनी वेस गाठली. वेशीवर तरस पहाऱ्याला होतं. त्याचे ओठ हिरवे होते. हातात पाण्याचा भोपळा होता.

"पोर चमकत नाही ती कशी?" त्याने विचारलं. "प्यायली नाही वाटतं."

आयुष्यात सुगंधाबाईंनी चुकीचा निकाल कधी दिला नव्हता.

"प्यायली की," त्या म्हणाल्या. "पस्तीसच गुण जमले."

तरसाला फार वाईट वाटलं. च्च च्च करून त्याने वाट सोडली. बकुळीने शेपटी घट्ट धरली होती.

तात्पर्य: सत्य नेहमी उजेडात आणावं, मुलांनो. भर दुपारी आणावं. तिथे ते कुणाला त्रास देत नाही.