सर्जाचा मुआयना

आमच्या शेजारचे गिरदावरकाका रोज सकाळी चष्मा पुसतात, गुडघे धरून खाली बसतात आणि सशाच्या लेंड्या तपासतात. तपासणी झाली की कुंपणावरून मला निकाल कळवतात. "मास्तरीणबाई, मुआयना झाला! गोल हाय, कोरडी हाय, हाजरी पुरी!" मी नेमकी त्याच वेळी चहात बिस्कीट बुडवत असते.

काका महसूल खात्यात गिरदावर होते. उभा जन्म शिवार तुडवत पिकांची पाहणी केली आणि निवृत्त होऊन आदिलाबादजवळच्या मावल्यात आमच्या शेजारी येऊन राहिले. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा हैदराबादला. नातीनं हौसेनं ससा घेतला, पण फ्लॅटच्या मालकाला तो खपेना, म्हणून पाहुणा इकडे आला. काकांनी त्याचं नाव ठेवलं सर्जा. दोन मुठींएवढा जीव आणि नाव बैलाचं! मी हसले तर म्हणाले, "आमच्या घरी सर्जा नाई असं कदी झालं नाई. बैल इकले, म्हनून नाव बी इकायचं का?"

आल्याबरोबर काकांनी सर्जाच्या आहाराचा तक्ता करून भिंतीला डकवला. गवत दिवसभर. पाला सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर. गाजराची चकती आठवड्यातून दोनदा, तीही नखाएवढी. खाली लफ्फेदार सही. लोकांना वाटतं ससा म्हणजे गाजर. गल्लीतलं कुणी प्रेमानं अख्खं गाजर घेऊन आलं, की काका फाटकातच हात आडवा धरतात. "नामंजूर!" बिस्कीट? नामंजूर. भिजवलेली चण्याची डाळ? नामंजूर. एकदा मी मेथीची जुडी नेली, तर तीन काड्या मंजूर झाल्या आणि उरलेल्या जुडीची त्यांनी स्वतःसाठी भाजी केली.

गवताची तर फारच चिंता. मावल्याच्या आसपास कपाशी, आणि कपाशीवर फवारणी. बांधावरचं गवत विषारी असलं तर? म्हणून काका दर चार दिवसांनी बस धरून तामसीकडच्या आपल्या गावी जायचे आणि ओळखीच्या पडीक तुकड्यातून भारा कापून आणायचे. कंडक्टरनं एकदा विचारलं, "कितने भैंस हैं, साब?" काका म्हणाले, "एक खरगोश." कंडक्टरनं भाऱ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं तिकीट फाडलं.

यंदाच्या पोळ्याला मी पुरणपोळ्या केल्या. एकटा माणूस, सणाला काय करून खाणार, म्हणून दोन पोळ्या झाकून काकांना दिल्या. अंगणात पाहते तर सर्जाच्या पाठीवर हातरुमालाची झूल, कपाळाला कुंकू, आणि समोर निरांजन. मी म्हटलं, "काका, मातीचे बैल मिळाले नाहीत का बाजारात?"

"घरात जिता जीव असून मातीले काऊन पुजू?" काका म्हणाले. मला गंमत वाटली. फोटो काढला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला नाही. चहा संपला, बिस्कीट तसंच हातात राहिलं. रोज ज्या आवाजाला वैतागायचे, तो आला नाही म्हणून मी भांबावले. जाऊन पाहते तर काका पिंजऱ्याशी बसलेले आणि सर्जा कोपऱ्यात अंग चोरून. समोरच्या गवताला तोंड लावलेलं नाही.

"एक बी लेंडी नाई," काका म्हणाले. "काल सांजेपासून खाऊन नाई राह्यला."

सशाचं पोट थांबलं की तो टिकत नाही, हे काकांनीच मला दहादा सांगितलं होतं. रिक्षानं आदिलाबादला निघालो. टोपली काकांच्या मांडीवर. खड्डा आला की ते आधी टोपली उचलायचे, मग स्वतः आपटायचे.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि आधी तेलुगूत, मग हिंदीत विचारलं, "एम पेट्टारु? क्या खिलाया?"

"गवत," काका म्हणाले.

"और?"

काका भिंतीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. काका एकदम ताठ उभे राहिले, साहेबापुढे राहावं तसे. "पुरनपोली खिलाया, साब. अर्धी. पोळ्याचा नैवेद्य. बनाया इन्होंने, लेकिन खिलाया मैंने. इनकी गलती नहीं."

गूळ, डाळ, तूप, आणि ते माझ्या हातचं. डॉक्टर वैतागले, पण रागावले नाहीत. इंजेक्शन दिलं, औषध दिलं आणि गवत वाटून पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब पाजायला सांगितलं. चोवीस तासांत पोट चाललं तर वाचेल, म्हणाले.

परतताना काका रिक्षात आपणहून बोलू लागले.

"तुमच्या काकूले शुगर होती. डॉक्टरनं गोड बंद केलं होतं. पोळ्याले म्हने, एकच पोळी द्या. मी म्हनलं नको. मंग म्हने, बैल असते तर त्याईले देल्ली असती ना?" काकांनी टोपलीचं फडकं नीट केलं. "देल्ली. एक मांगितली, दोन देल्ल्या. चार दिसांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं असंच इचारलं, काय खाल्लं? मी म्हनलं, भाकर."

दोन पोळ्यांनी कुणी जात नाही, असं काहीतरी मी पुटपुटले.

"हे मले बी समजते," काका म्हणाले. "पन खोटं बोललो ना. नोकरीत हजार दरखास्ती नामंजूर केल्या, मास्तरीणबाई. घरातली एक करता नाई आली."

दिवसभर आम्ही आळीपाळीनं सिरिंज धरली. मी वाटायची, ते पाजायचे. सर्जा अर्धं गिळायचा, अर्धं काकांच्या सदऱ्यावर. काका त्याच्या पोटावरून हलका हात फिरवत होते आणि "चाल रे सर्जा, चाल रे बाबा" म्हणत होते, बैल चढावर अडल्यावर म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी मी चहा केलाच नाही. कुंपणाला धरून उभी राहिले. बराच वेळ काही नाही. मग चष्मा न पुसताच काका उठले. "मास्तरीणबाई! बारीक हाय, वाकडी हाय, पन हाय!" आणि तिथंच पायरीवर बसून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

आता सर्जा ठणठणीत आहे आणि माझ्या चहाची पुन्हा वाट लागली आहे. परवा गेले तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यात शेवटी एक नवी ओळ दिसली. खाली तीच लफ्फेदार सही. "पोळ्याला पोळी नाही. कितीही मागितली तरी."

ससा काही मागत नसतो. ते काकांनाही माहीत आहे.