सरडीच्या वजनाबाबत उचित कार्यवाही

धानोरा तालुक्यातील एका गावी सरड्याची मादी ही नरापेक्षा आकाराने लहान असल्याची गंभीर बाब प्रशासनाच्या निदर्शनास आली. ती आणून दिली प्रवीण नावाच्या संशोधकाने. हा पोरगा अंगणवाडीच्या कुंपणावरचे सरडे पकडायचा, मोजायचा आणि सोडून द्यायचा. महिला सक्षमीकरण पंधरवड्यात भाषणाला दुसरं कोणी मिळेना, म्हणून त्यालाच उभं केलं होतं. पंधरवडा संपत आला होता आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या साहेबांकडे वर कळवण्यासारखं काहीही घडलेलं नव्हतं.

"लहान म्हणजे वंचित," साहेब म्हणाले. "ताबडतोब समान करा."

"सर, तो हार्मोनचा परिणाम आहे. नरात तो हार्मोन जास्त, म्हणून नर वाढतो. मादीची ताकद अंडी तयार करण्यात जाते."

"हार्मोन कोणत्या विभागाकडे येतो?"

हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जंगलवाले म्हणाले, कुंपणावरचा सरडा आमच्या हद्दीत नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, दूध न देणारं जनावर आम्ही बघत नाही. अखेर समिती नेमण्यात आली.

समितीपुढे प्रवीणच्या तोंडून एक गोष्ट निसटली. लहानपणीच नराची हार्मोन तयार करणारी ग्रंथी काढली, तर तो मादीएवढाच राहतो.

"म्हणजे शस्त्रक्रिया नराची?" साहेबांनी विचारलं.

समितीतले सगळे सभ्य गृहस्थ खुर्चीत सावरून बसले. असा पायंडा पाडणे समाजहिताचे नाही, यावर क्षणात एकमत झालं. त्यापेक्षा माद्यांनाच पौष्टिक आहार द्यावा, असं ठरलं. वजन आणि आहार म्हटलं की अंगणवाडी आलीच. पोरांच्या वाट्याची उकडलेली अंडी कुंपणाशी ठेवण्याचा आदेश सेविका गुणाबाईंना मिळाला.

"साहेब, सरडा किडे खाते. अंडे नाई खात."

"ठेवा तर खरं, बाई. खाल्लं नाही तर तिची मर्जी. आपण दिलं, हे महत्त्वाचं."

सरडीने अंड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. गावातले कावळे मात्र चांगले बाळसेदार झाले. गुणाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातलं एक अंडं दिव्यानीचं होतं, आणि अंगणवाडीतल्या त्या अंड्याशिवाय त्या चार वर्षांच्या पोरीच्या अंगी लागेल असं काही तिला मिळतच नव्हतं.

साहेब समितीला आणि प्रवीणला घेऊन पाहणीला आले तेव्हा गुणाबाई दिव्यानीला कडेवर घेऊन समोर उभ्या राहिल्या. शेजारी तिचा जुळा भाऊ गोपाल, चांगला गुटगुटीत.

"पाहा साहेब! दोघं एकाच दिवशी जन्मले. तो असा, अन् हे पोरगी काडीसारखी. हिचं अंडं कावळे खाऊन राह्यले. ते परत सुरू करा."

साहेबांचा चेहरा उजळला. "हाही हार्मोनच! नर मोठा, मादी लहान. निसर्ग आहे, बाई."

"नाही सर," प्रवीण म्हणाला. "या वयात मुलामुलींमध्ये तो हार्मोन जवळजवळ सारखाच, नावापुरता असतो. दोघं बरोबरीनंच वाढायला हवीत."

"मग फरक कशाने पडला?"

दारात जुळ्यांची आई रंजीता उभी होती. तिला हा प्रश्न फारच सोपा वाटला.

"त्याले दूध देतो ना मी. पोट्ट्याले लागते. हिले पेज चालते. आमच्या घरी आंधी माणसं जेवतात, मंग पोट्टा, मंग उरलं त आमी."

यात नवीन काय, असं समितीला वाटलं. कोणी पुढे विचारलं नाही, कारण तेवढ्यात जेवण तयार झालं होतं.

गावठी कोंबडीचा रस्सा होता. पुरुष पंगतीला बसले, प्रवीणही बसला. गुणाबाई आणि रंजीता वाढत होत्या. "तुम्ही बायांनी मागून निवांत बसा हं," साहेबांनी आपुलकीने सांगितलं. त्या निवांत बसल्या तेव्हा भात होता आणि पातेल्याच्या बुडाला थोडा रस्सा. गुणाबाईंना रडू आलं. त्यांनी तो रस्सा भातात कालवून दिव्यानीला भरवला.

आठवड्याने निर्णय आला. सरडी व दिव्यानी या दोन्ही प्रकरणी कारण हार्मोन असल्याने आहार देण्याची आवश्यकता नाही. अंडी बंद.

वाचकांनी रागावू नये. आज रात्री आपल्या घरी सगळ्यांची जेवणं झाल्यावर कढईतली उरलेली भाजी कोणाच्या ताटात जाते, ते सहज पाहावं. तोही हार्मोनच असणार.