पाच जांबाशांची मेंढी

"हाडं कुठायत?" कालिपाने विचारलं.

तिचा नवरा ओस्मोनकुल मुख्याध्यापक शामिर्बेक सरांच्या अंगणात मोठी कढई घासत बसला होता. त्याने मानही वर केली नाही. "कसली हाडं?"

"मेंढीची! सकाळी तुम्हीच कापलीत ना? शामिर्बेक सर म्हणाले होते, मांस पाहुण्यांचं, हाडं जीवशास्त्राची."

"पाहुणे गेले. हाडंपण गेली. पिशव्यांतून, नेहमी जातात तशी."

कालिपा पायरीवर बसली. सव्वीस वर्षं ती चेत-बुलाकच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होती आणि त्याच्या दुपटीने या गावात जेवत होती. मेजवानी संपली की प्रत्येक पाहुणा आपल्या वाट्याचं हाड उरलेल्या मांसासकट घरी नेतो, हे काय तिला नव्याने कळायचं होतं? पण पाठाचं टिपण लिहिताना तिने फक्त मेंढीचा विचार केला होता. माणसांचा करायचा राहिला होता.

टिपण असं होतं:

*नववी. खुला पाठ. उजळणी. मिनिट ० ते १०: शेवाळ, नेचे, फुलझाडं. १० ते २०: अमीबा ते गांडूळ. २० ते ३०: मणक्याचे प्राणी. ३० ते ४५: उत्क्रांती. साधन: मेंढीचा संपूर्ण सांगाडा (स्थानिक साहित्य).*

कंसातले ते दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. जिल्ह्याच्या शिक्षण खात्याला त्या वर्षी स्थानिक साहित्याचा ताप चढला होता. वर्गाच्या कपाटात होता एक बाटलीतला पट्टकृमी आणि एक पेंढा भरलेलं घुबड, तेही निम्मं कसरीने खाल्लेलं. उद्या सकाळी जिल्ह्याचे अधिकारी जेक्शेन अब्दीयेविच वर्गात बसणार होते. पाठ पडला, तर जीवशास्त्राचे तास मुख्याध्यापकांच्या सुनेला जाणार होते. ऐझिरेक तिचं नाव. तिने तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि त्या कोर्सात ती मुख्यतः लग्न ठरवत होती.

"कोणाला काय दिलंत ते तरी आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? बारा हाडं, बारा माणसं. वयाप्रमाणे वाटली. मानाचं कमरेचं हाड, जांबाश, एक तुर्दुमांबेत आजोबांना, एक सादिरला. मग मांड्या, मग नळ्या, मग खांदे. खाली खाली येत गेलो."

"आणि जेक्शेन अब्दीयेविच?"

"तो सगळ्यात शेवटी. चौतिशीचा पोरगा तो. त्याला पुढच्या पायाची खालची नळी."

कालिपा ताडकन उठली. "ती सुनांच्या ताटात जाते!"

"मग? पंक्तीत सगळ्यात लहान कोण होता? त्याचं वय काय मी ठरवलं?"

"अहो, तो अधिकारी आहे!"

"असेल. दात तर बाकीच्यांसारखेच होते."

*

दुपारी तीन वाजता कालिपा गोणी घेऊन बाहेर पडली. अधिकाऱ्याची पिशवी त्याच्या गाडीत होती, ती मागणं शक्यच नव्हतं. उरली अकरा घरं.

पहिलं घर दुइशोनचं. निवृत्त पोस्टमास्तर. सगळ्या गावाची पत्रं वाचून झाल्यामुळे आता त्याला वाचायला काही उरलं नव्हतं.

"आता हाडं मोजायला आलीस का गं, सुने?"

"मोजायला नाही हो, मुलांना दाखवायला. तुमच्या वाट्याला जे आलं तेवढं एक दिवस द्या. तुमच्या वाट्याला... "

"जांबाश," दुइशोनची बायको चुलीपाशून अभिमानाने म्हणाली. "यांना आज जांबाश मिळालं."

दुइशोनला मिळाला होता खांदा. कालिपाने दुइशोनकडे पाहिलं. दुइशोनने छताकडे पाहिलं.

"आणतो," तो म्हणाला आणि मागच्या कोठीत गेला. बराच वेळ आत खुडबुड चालली होती. परत आला तेव्हा त्याच्या हातात खरोखरच जांबाश होतं. दुपारी शिजलेल्या त्या हाडावर चांगला बोटभर बर्फ साचला होता.

"आणि त्याला चिठ्ठी बांध. दुइशोन यांजकडून. मोठ्या अक्षरात लिही. उद्या मी येतोय बघायला."

पुढच्या घरीही जांबाशच निघालं. त्याच्या पुढच्या घरी पण. शेवटून दुसऱ्या घरातून आलेलं जांबाश वासराचं होतं, आणि वासरू चांगलं थोराड असणार. ज्यांच्या घरात शिल्लक जांबाश नव्हतं त्यांनी मांडीचं हाड काढून दिलं आणि वर ऐकवलं, "जांबाशच देत होते, पण मीच म्हटलं, नको, पाहुण्यांना द्या." दोघांनी कुत्र्यावर ढकललं. हाड देणाऱ्या प्रत्येकाने चिठ्ठी बांधायला लावली. प्रत्येकाने उद्या येतो म्हणून सांगितलं.

ऐंशी-ऐंशी वर्षं ज्यांनी ऊन, थंडी आणि सरकारं सोसली, ती ही माणसं एका शिजलेल्या हाडासमोर अशी आडवी झाली होती.

*

*उजळणीचा प्रश्न: मेंढीला पुढचे पाय असतात का?*

गोणीप्रमाणे उत्तर: नाही.

गोणीत निघाली पाच जांबाशं आणि चार मांड्या. खांदा नाही, दंड नाही, नळी नाही. आणि कालिपाला तर पुढचाच पाय हवा होता. माणसाचा हात आणि मेंढीचा पुढचा पाय शेजारी शेजारी ठेवायचे. तीच हाडं, तोच क्रम. म्हणजे फार फार मागे दोघांचा पूर्वज एकच. सबंध पाठ येऊन टेकत होता तो या एका जागेवर.

सुदैवाने पुढच्या पायाच्या नळ्या तिच्या घरात हव्या तेवढ्या होत्या. ती या घरची सून होती. सव्वीस वर्षं तिच्या ताटात दुसरं काही पडलंच नव्हतं. खांदे आणि दंड तिने शेजारच्या सुनांकडून आणले. त्या चिठ्ठ्याबिठ्ठ्या मागत नाहीत. कवटी, मणके, बरगड्या मुख्याध्यापकांच्या स्वयंपाकघरात सापडल्या.

अडलं ते मागच्या बाजूला. चिठ्ठी असलेलं हाड वगळायची सोय नव्हती. मालक बघायला येणार होता. तिने तारेने एकामागे एक पाचही जांबाशं फळीवर बसवली.

ओस्मोनकुल चहाचा वाडगा घेऊन बघत होता. "ही चालत कशी असेल?"

"चालत नसेल. बसून असेल."

"मग बरोबर आहे. हीपण गावातली थोर असेल."

*

*मिनिट ० ते १०.* शेवाळ, नेचे, फुलझाडं सुरळीत पार पडली. मुलांना उत्तरं पाठ होती. कोण काय सांगणार तेही ठरलेलं होतं. मागच्या बाकांवर अकरा म्हातारे टोप्या घालून बसले होते आणि हाड दिलेले आपापली चिठ्ठी कुठे आहे ते शोधत होते. मुख्याध्यापकांशेजारी ऐझिरेक बसली होती. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक तिने आधीच मांडीवर घेतलं होतं.

*मिनिट १० ते २०.* अमीबा दुभंगला. गांडुळाने माती केली. जेक्शेन अब्दीयेविच काही लिहीत नव्हते. त्यांचा चेहरा कालपासून जसा होता तसाच होता. बारा माणसांच्या पंक्तीत, जिल्ह्याचा शिक्का खिशात असताना, सुनेची नळी चोखावी लागलेल्या माणसाचा.

*मिनिट २४.* ते उठले. सांगाड्याभोवती सावकाश फिरले.

"मागच्या सगळ्या हाडांवर नावं आहेत. या पुढच्या नळीवर का नाही?"

"ती स्वयंपाकघरातली आहे, साहेब," कालिपा म्हणाली. "ती आपल्याला मिळाली असं कोणी सांगत नाही."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते मुलांकडे वळले. "तू. तिसऱ्या बाकावरची. नाव काय?"

"मीरगुल." मेंढपाळाची मुलगी. तिला कालिपाने मुद्दामच काही पाठ करायला दिलं नव्हतं. ती स्वतः विचार करायची, आणि खुल्या पाठात त्याचा उपयोग नसतो.

"मेंढीला जांबाशं किती असतात?"

"दोन."

"इथे मोज."

मीरगुलने बोटाने मोजलं. "पाच."

मागच्या बाकांवरचे म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. तुर्दुमांबेत आजोबांनी, खऱ्या जांबाशाच्या मालकाने, दुइशोनची चिठ्ठी वाचायला खिशातून चष्मा काढला.

"तर एजे," साहेब मोठ्या बहिणीला हाक मारावी तशा गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या जीवशास्त्रात किती? दोन की पाच?"

दोन म्हणावं, तर गावातले तीन वडीलधारे भर वर्गात खोटे पडतात. मग या गावात राहायचं कसं? पाच म्हणावं, तर तास गेले. ऐझिरेकने पेनाचं टोपण काढलं.

"साहेब," कालिपा म्हणाली, "दोनच असतात. पण खरी दोन कुठली, ते शोधून काढता येईल. काल पंक्तीला बारा जण होते. प्रत्येकाने उभं राहून आपल्या वाट्याला काय आलं ते सांगायचं. मीरगुल फळ्यावर लिहील. जे बसत नाही ते खोडायचं. शास्त्रीय पद्धत आहे. सुरुवात पाहुण्यांपासून करू या. साहेब, तुमच्या वाट्याला काय आलं होतं?"

वर्गात माशी उडाली असती तर तिचा गण आणि कुळ सांगता आलं असतं.

जेक्शेन अब्दीयेविचनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. मुलांकडे पाहिलं. दाराशी उभ्या ओस्मोनकुलकडे मात्र पाहिलं नाही. ज्याने हाड वाटलं त्याच्याकडे बघवत नाही.

"जांबाश," ते म्हणाले.

मीरगुलने फळ्यावर सहा लिहिलं.

ओस्मोनकुलला अचानक घोड्याची आठवण झाली आणि तो बाहेर गेला. दुइशोन मोठ्याने म्हणाला, "बरोबर! मी शेजारीच होतो, पाहिलंय मी." तुर्दुमांबेत आजोबांनी चष्मा परत खिशात घातला. एवढ्या मोठ्या माणसाला मिळालं असेल, तर मिळालं असेल.

"पुढे चला," साहेब म्हणाले आणि खाली बसून लिहू लागले. कालिपा पुढे गेली. हात, पुढचा पाय, तीच हाडं, तोच क्रम. मागे पूर्वज एकच असल्याबद्दल कोणीही शंका काढली नाही.

*

अहवाल आला तो असा: *पाठ उत्कृष्ट. सांगाडा संपूर्ण, सहाही जांबाशं जागेवर. स्थानिक साहित्याचा आदर्श वापर.*

तास कालिपाकडेच राहिले. ऐझिरेकला गाणं दिलं. अहवालात सहा आणि फळीवर पाच हे बरं दिसेना, म्हणून मुख्याध्यापकांनी आपल्या घरातून सहावं आणून तारेने बांधलं आणि चिठ्ठीवर साहेबांचं नाव घातलं. मग त्याचा फोटो काढला. फोटो जिल्ह्याला गेला. जिल्ह्याने तो परिपत्रकाला जोडून सगळ्या शाळांना धाडला, नमुन्याबरहुकूम साधन तयार करावे म्हणून. सत्तावीस शाळांनी केलं. एकाही शाळेने उलट विचारलं नाही. सगळ्याच गावांत म्हातारे असतात.

मे महिन्यात नववीचा जिल्ह्याचा पेपर आला. प्रश्न चौदावा: मेंढीस जांबाशे किती? (अ) दोन (ब) चार (क) सहा. सोबत उत्तरपत्रिका मोहोरबंद पाकिटात. त्यात (क).

मीरगुलने (अ) लिहिलं होतं. कालिपाने तिला बोलावून घेतलं.

"एजे, मी कळती झाल्यापासून मेंढ्या सोलताना बघतेय. बापाला विचारा हवं तर."

"घरच्या मेंढीला दोन," कालिपा म्हणाली. "जिल्ह्याच्या मेंढीला सहा." आणि तिने लाल पेनाने एक गुण कापला.

मीरगुल जागची हलली नाही. "मग माणसाला किती असतात?"

कालिपाने पुढचा पेपर ओढला.

"हुद्दा काय त्याचा?"